‘बी फ्लॅट’ म्हणजे नेमका किती? हेब्रिडीजमधल्या एका केली बँडचं प्रकरण

स्कॉटलंडच्या पश्चिमेला असलेल्या आउटर हेब्रिडीज बेटांपैकी एका बेटावरच्या सातजणांच्या बँडची ही नोंद आहे. ओळख पटू नये म्हणून बेटाचं, बँडचं आणि माणसांचं नाव दिलेलं नाही, आणि ओळख उघड करणारे तपशील बदलले आहेत. वाद्यांचे आणि सुरांचे तपशील मात्र जसेच्या तसे आहेत, कारण प्रकरण त्यांच्यावरच उभं आहे.

पार्श्वभूमी

‘केली’ या गेलिक शब्दाचा मूळ अर्थ एकमेकांच्या घरी जाऊन बसणं, गप्पागाणी करणं. आज केली म्हणजे गावच्या हॉलमधला नाच. हा बँड अशा नाचांवरच वाढला. लग्नं, शाळेच्या मदतनिधीचे कार्यक्रम, नववर्षाची रात्र, आणि उन्हाळ्यात एखाद-दुसरा महोत्सव. अकॉर्डियन, फिडल (म्हणजे व्हायोलिन), गिटार, बास, ड्रम, आणि कीबोर्ड वाजवत गेलिक गाणी म्हणणारी गायिका, असे मूळचे सहाजण. अकॉर्डियनवाला साठीचा. बँड त्यानंच उभा केलेला. नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघून लय सांभाळणारा माणूस.

सातवी पाइपर, म्हणजे बॅगपाइप वाजवणारी, बाविशीतली. बेटावरच शिकली, पुढे मुख्य भूमीवर एका स्पर्धक पाइप बँडमध्ये वाजवून परतली. बॅगपाइप आला की हॉलचं वातावरणच बदलतं, म्हणून सगळ्यांनी तिला आनंदानं घेतलं. व्हिसलही, म्हणजे छोटी उभी बासरी, ती उत्तम वाजवायची.

पाइपची रचना इथे सांगायला हवी. चँटर म्हणजे बोटं फिरतात ती नळी. तिच्यावर फक्त नऊ स्वर, खालच्या ‘जी’पासून वरच्या ‘ए’पर्यंत. खांद्यावर तीन ड्रोन. दोन टेनर खालच्या ‘ए’च्या एक सप्तक खाली, आणि एक बास दोन सप्तकं खाली. सनईच्या मागे सूर धरून बसणाऱ्याचं जे काम, तेच या तिघांचं. आवाज कमीजास्त करायची सोय नाही. वाजवणाऱ्याच्या जवळ तो सहज 100 डेसिबलच्या वर जातो.

कागदावर पाइपर ‘ए’ लिहितात आणि ‘ए’च म्हणतात, पण कानाला येतो तो साधारण ‘बी फ्लॅट’. आपल्या पेटीच्या भाषेत, लिहिलेली पांढरी सहा, वाजणारी काळी पाच. हे बँडमधल्या सगळ्यांना ठाऊक होतं. घोळ त्या ‘साधारण’मध्ये होता.

अडचण

पाइपर आल्यावर अकॉर्डियनवाल्यानं तक्रार न करता तीन महिने घरी बसून बोटं बदलली. आयुष्यभर ‘ए’ आणि ‘डी’मध्ये वाजवलेल्या चाली त्यानं ‘बी फ्लॅट’ आणि ‘ई फ्लॅट’मध्ये बसवल्या. पियानो अकॉर्डियनवर हे अशक्य नाही. पश्चिम किनाऱ्यावरचे कितीतरी अकॉर्डियनवाले पाइपसाठी हेच करतात. पण साठीतल्या बोटांना ते सोपंही नाही.

पहिल्या कार्यक्रमात सुरुवातीचे दोन-तीन नाच बरे गेले. मध्यंतरानंतर मात्र काहीतरी आंबलं. एटसम रील हा आठ जणांचा नाच सुरू झाल्यावर तर हॉलच्या मागच्या बाकांवरच्या म्हाताऱ्यांनीही मान हलवली. हा नाच लांबलचक असतो. सुरुवातीचे 40 बार (बार म्हणजे तालाचा एक छोटा खंड), मग आठ जणांसाठी आठ वेळा 48 बार, शेवटी पुन्हा 40. एकूण 464 बार, रीलच्या लयीत सुमारे 8 मिनिटं. तेवढा वेळ पाइप आणि अकॉर्डियन एकच चाल वाजवत होते आणि दोघांमधली चीर रुंदावत होती.

पुढच्या तीन कार्यक्रमांत तेच झालं. मग कुजबुज सुरू झाली. पाइपरचं म्हणणं, अकॉर्डियन जुना आहे, रीड उतरले असतील. अकॉर्डियनवाल्याचं म्हणणं, पोरगी चांगली आहे पण पाइप बँडमधून आलेली, दुसऱ्याचं ऐकत वाजवायची तिला सवय नाही. फिडलवाला दोघांच्या मध्ये कुठेतरी सूर शोधत राहायचा, त्यामुळे दोघांनाही तोच बेसूर वाटायचा.

पहिला निर्णय, आणि तो का चुकला

बँडनं अकॉर्डियन दुरुस्तीला पाठवायचं ठरवलं. वाद्य 120 बासचं, चार आवाजांचं. उजव्या हाताला 41 स्वर, प्रत्येकाला चार आवाज, आणि भाता उघडताना एक व मिटताना एक असे दुहेरी रीड, म्हणजे 328. डाव्या हाताला 12 स्वर, पाच आवाज, पुन्हा दुहेरी, म्हणजे 120. एकूण 448 पोलादी जिभा. फेरी बोटीनं मुख्य भूमीवर, तिथून कारागिराकडे. हिवाळ्यात वाऱ्यामुळे बोटी रद्द होतात, त्यामुळे वाद्य परत यायला दीड महिना गेला. या काळातले दोन नाच अकॉर्डियनशिवाय काढावे लागले.

कारागिराचा निरोप साधा होता: चार-सहा रीड सोडले तर वाद्य ‘ए’ 440ला, म्हणजे ‘ए’ 440 हर्ट्झ धरणाऱ्या सर्वमान्य पट्टीला, ठीक लागलेलं आहे. एकाच स्वराचे दोन-तीन रीड मुद्दाम काही सेंट वरखाली ठेवलेले असतात, त्यातून तो थरथरता गोड आवाज येतो. तेही जागेवर होतं. (सेंट म्हणजे पेटीच्या एका पट्टीपासून शेजारच्या पट्टीपर्यंतच्या अंतराचा शंभरावा भाग.)

फोनवरचा ट्यूनर उघडून पाइपचा खालचा ‘ए’ मोजायला दोन मिनिटं पुरली असती. ते कुणी केलं नाही, कारण ‘माझा पाइप बी फ्लॅटचा आहे’ हे वाक्य सगळ्यांनी खरं मानलं होतं. पाइपरही खोटं बोलत नव्हती. पाइप बँडमध्ये सगळे चँटर एकमेकांना जुळवतात, बाहेरच्या कुठल्या वाद्याला नाही. आणि तिथली पट्टी गेल्या काही दशकांत चढत गेलेली आहे. तिथे ‘बी फ्लॅट’ हे फक्त नाव आहे.

मोजल्यावर काय दिसलं

शेवटी बासवाल्यानं तालमीत आणि एका नाचाच्या रात्री आकडे लिहून काढले. 440च्या हिशोबानं खरा ‘बी फ्लॅट’ 466 हर्ट्झच्या जरासा वर. हॉल 13 अंशांवर थंड असताना चँटरचा ‘ए’ 470 होता, म्हणजे 14 सेंट चढा. तेवढं नाचाच्या गलक्यात खपून जातं. दीड तासानं, माणसांच्या उबेनं हॉल 23 अंशांवर गेल्यावर तोच स्वर 478. म्हणजे 43 सेंट चढा. काळी पाच आणि पांढरी सात यांच्या जवळजवळ मधोमध, जिथे पेटीला पट्टीच नाही.

कारण भौतिकशास्त्राचं. नळीतली हवा तापली की तिच्यातून ध्वनी जलद जातो, आणि दर अंशाला सूर सुमारे 3 सेंट चढतो. दहा अंशांना तीस सेंट; मोजलेल्या आकड्यांशी हिशोब जुळतो. अकॉर्डियनच्या पोलादी जिभा उष्णतेनं चढत नाहीत, झालंच तर कणभर उतरतात. म्हणजे रात्र जसजशी रंगते, तसतशी ही दोन वाद्यं एकमेकांपासून लांब जातात.

त्यात भर म्हणजे हॉलमध्ये मॉनिटर स्पीकर, म्हणजे वाजवणाऱ्यांच्या दिशेनं लावलेले स्पीकर, नव्हते. पाइपच्या आवाजात अकॉर्डियनवाल्याला स्वतःचं वाद्य ऐकू येईना, म्हणून तो भाता जोरात दाबायचा. जास्त दाबाखाली असा रीड किंचित उतरतो, खर्जातला जास्त. एकीकडे पाइप चढतोय, दुसरीकडे अकॉर्डियन उतरतोय, आणि दोघंही मनापासून वाजवताहेत.

उरलेला भाग मराठी वाचकाला लगेच कळेल. पाइपचा चँटर ड्रोनशी जुळवलेला असतो, तंबोऱ्याशी गळा जुळावा तसा. त्यामुळे त्याचा गंधार, म्हणजे ‘ए’वरचा ‘सी शार्प’, स्वयंभू गंधाराच्या जागी बसतो. अकॉर्डियनचा गंधार पेटीसारखाच, सुमारे 14 सेंट चढा. ‘सा’ अगदी नेमका जुळला तरी हा फरक राहणारच. पेटीच्या साथीबद्दल आपल्याकडे जो वाद शंभर वर्षं चालला, आकाशवाणीनं 1940पासून जवळपास तीन दशकं पेटीवर बंदी ठेवली, त्यातला एक मुद्दा हाच होता. या बँडला मात्र नाच वाजवायचा होता, रागविस्तार करायचा नव्हता. म्हणून गंधाराचा प्रश्न त्यांनी नंतरसाठी ठेवला, आणि ते बरोबरच केलं.

कोणते पर्याय समोर होते

सगळ्यांनी पाइपच्या पट्टीवर जावं, हा पहिला विचार. गिटार, बास आणि फिडल पेच पिळून चढवता येतात, कीबोर्डला बारीक सूर बदलायचं बटण असतं. अडतो तो अकॉर्डियन. 448 रीड कानशीनं घासून 43 सेंट चढवायचे म्हणजे वाद्य कायमचं बाकी जगाबाहेर जाणार, आणि तेही अशा पट्टीसाठी जी रात्रीत तीस सेंट हलते. हा पर्याय पाच मिनिटांत बाद झाला.

दुसरा, अकॉर्डियनऐवजी इलेक्ट्रॉनिक अकॉर्डियन. सूर हवा तिथे ठेवता येतो. पण भात्याचा दाब बोटांखाली जाणवतो तसा त्यात जाणवत नाही असं वाजवणाऱ्याचं म्हणणं होतं, आणि किंमतही मोठी. खरं कारण वेगळं होतं, ते सगळ्यांना कळत होतं आणि कुणी बोललं नाही: बँड उभा करणाऱ्या माणसाला त्याचं वाद्य खाली ठेवायला सांगायचं होतं.

तिसरा, पाइपरनं स्मॉलपाइप वाजवावा. हा काखेतल्या भात्यानं वाजतो, पाइपपेक्षा सप्तकभर खाली, आणि ‘ए’ 440चा मिळतो. आवाज मऊ, गाण्यामागे सुंदर. पण दोनशे पावलं आपटणाऱ्या हॉलमध्ये तो ऐकूच येत नाही. बॉर्डर पाइप हा मधला मार्ग होता, आवाजानं जरा मोठा. पाइपरकडे तो नव्हता आणि मागवला तर बनून यायला वेळ लागला असता.

चौथा, खास 466चा चँटर. लोकसंगीताच्या बँडांसाठी असे चँटर बनतात. प्लास्टिकचा घेतला तर किंमत अकॉर्डियन पुन्हा लावून घेण्याच्या मानानं किरकोळ.

पाचवा, तिनं पाइप ठेवून फक्त व्हिसल वाजवावी. हे अकॉर्डियनवाल्यानं सुचवलं आणि त्याच बैठकीत मागे घेतलं.

मधल्या काळात पाइपरनं आपल्या परीनं एक प्रयत्न केला होता. दोरा गुंडाळून चँटरचा रीड वर उचलला आणि भोकांच्या वरच्या कडेला टेप लावला. पाच-दहा सेंटसाठी हे चालतं. चाळीससाठी नाही. रीड वर काढला की वरच्या हाताचे स्वर जास्त उतरतात, खालच्या हाताचे कमी. आणि खालचा ‘जी’ बोटांच्या भोकातून येतच नाही, त्यामुळे त्या भोकांवरच्या टेपनं तो उतरत नाही. ‘ए’ खाली आला, पण सप्तकच वाकडं झालं.

काय ठरलं आणि कसं केलं

466चा चँटर घ्यायचा आणि खर्च बँडच्या खात्यातून करायचा. दुसरा भाग छोटा दिसतो, पण तो बैठकीतला सर्वांत शहाणा निर्णय होता. चँटर पाइपरनं स्वतः विकत घेतला असता तर चूक तिची होती असं कायमचं ठरलं असतं.

हा चँटर नेहमीच्यापेक्षा थोडा लांब, भोकं जराशी दूर. बोटं बसायला तिला तीन आठवडे लागले. ड्रोनही खाली आणावे लागले. त्यांचे सरकते भाग इतके बाहेर आले की दोऱ्याची पकड सुटू लागली, तेव्हा तिनं रीडवरचा बंध सरकवून जीभ लांब केली. सूर आतूनच उतरला आणि सांधे पुन्हा घट्ट बसले. टेनर आधी, बास शेवटी.

गिटार डी-ए-डी-जी-ए-डी लावलेली होती, पहिल्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावून काम झालं. या लावणीत गंधार वगळून सा-प धरता येतो, म्हणून पाइपच्या लांब स्वरांखाली गिटारवाल्यानं मुद्दाम गंधार टाळला. अकॉर्डियननंही चालीतला गंधार लांब ठेवायचा नाही, वाजवून लगेच सोडायचा, असं ठरलं. स्वयंभू गंधाराचा प्रश्न एवढ्यानं सुटत नाही, पण कानावर आदळत नाही.

फिडलवाल्याला ‘बी फ्लॅट’मध्ये बोटं टाकणं जमत होतं, पण मोकळ्या तारांची गाज गेली, आणि ती गाज गेली की रीलमधला झणका जातो. त्यानं दुसरं फिडल अर्धा सूर चढवून लावलं. पहिल्या आठवड्यात ‘ई’ची तार दोनदा तुटली. मग हलक्या जाडीची तार आणली.

कार्यक्रमाची मांडणीही बदलली. गाणी, व्हिसल आणि अकॉर्डियनच्या जुन्या ‘ए’-‘डी’मधल्या चाली आधी, पाइपच्या चाली दोन गठ्ठ्यांत, मध्यंतराच्या दोन्ही बाजूंना. म्हणजे फिडल आणि कॅपो रात्रीत मोजक्याच वेळा बदलायचे. पहिल्या गठ्ठ्याआधी पाइपर बाजूच्या खोलीत पंधरा-वीस मिनिटं वाजवून वाद्य गरम करते. शेवटचं जुळवणं मात्र खोलीत नाही, हॉलमध्ये, अकॉर्डियनच्या ‘बी फ्लॅट’वर. ट्यूनरवर नव्हे, कारण अकॉर्डियन जिथे आहे तिथेच राहणार आहे. दुसऱ्या गठ्ठ्याआधी हॉल तापलेला असतो, तेव्हा रीड केसभर वर आणि ड्रोन पुन्हा एकदा. अकॉर्डियनवाल्याला कानात इअरफोन दिला, त्यात फक्त त्याचं वाद्य आणि बास. भात्यावरचा जोर आपोआप कमी झाला.

निकाल

पुढच्या उन्हाळ्यातल्या हॉलमधल्या नाचांत पाइप आणि अकॉर्डियन बहुतेक वेळ दहा सेंटांच्या आत राहिले. पाइप आणि नाच एकत्र असताना एवढं पुष्कळ झालं. एटसम रीलच्या शेवटच्या 40 बारांत दोन्ही वाद्यं एक होऊन येतात तेव्हा हॉल उठतो, ते परत घडू लागलं. एका गेलिक गाण्यामागे स्मॉलपाइप आला. तो पर्याय बाद झाला होता, पण त्याची योग्य जागा सापडली.

गमावलंही. 466वर पाइपचा आवाज थोडा गडद होतो, स्पर्धेतल्या चँटरची ती धार राहत नाही, आणि पाइपरला ते अजून सलतं. अकॉर्डियनवाल्याच्या काही चाली फ्लॅटमध्ये बसल्याच नाहीत, त्या पाइपशिवायच वाजतात.

आणि एक संध्याकाळ पूर्ण फसली. किनाऱ्यावरचा उघडा मंच, 11 अंश, समोरून वारा. 20 अंशांना नेमका लागलेला चँटर 459वर उतरला, 27 सेंट खाली. आतापर्यंतची सगळी तयारी चढणाऱ्या पाइपसाठी होती; उतरणाऱ्याचा विचारच झाला नव्हता. पाइपरनं रीड आत ढकलला, वरचे स्वर चढले, खालचे मागेच राहिले. दोन चालींनंतर तिनं पाइप खाली ठेवला आणि व्हिसल घेतली. पण व्हिसल ‘डी’ची, आणि बाकी सगळे अर्धा सूर चढलेले. कॅपो काढेपर्यंत, फिडल बदलेपर्यंत मंचावर दीड मिनिट शांतता. महोत्सवातल्या 45 मिनिटांत ती फार लांब वाटते.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्या तालमीतच थंड आणि गरम, असे दोन आकडे लिहायला हवे होते. नुसतं ‘कुठल्या पट्टीत’ विचारणं पुरत नाही. ‘किती हर्ट्झ, आणि तासाभरानं किती’ असं विचारायला हवं. तेवढ्यानं दीड महिना, बोटीचा खर्च आणि दोन माणसांमधला बराचसा कडवटपणा वाचला असता.

अकॉर्डियनवाल्यानं तीन महिने चाली फ्लॅटमध्ये बसवल्या त्या वाया गेल्या नाहीत, शेवटी त्याच पट्टीत सगळे आले. पण त्याला ते मोजमापानंतर सांगितलं असतं, तर ‘मी एवढं केलं, तरी’ हे वाक्य त्याच्या तोंडी आलं नसतं.

बॉर्डर पाइप मागवायला हवा होता, असं बँडमधल्या दोघांना अजून वाटतं. तो भात्यानं वाजतो, श्वासाची ओल आणि ऊब रीडपर्यंत जात नाही, त्यामुळे सूर कमी हलतो. आणि ‘ए’ 440चा घेतला तर अकॉर्डियनवाल्याला आपल्या जुन्या पट्टीत वाजवता आलं असतं. लहान हॉलसाठी त्यांचं म्हणणं बरोबर वाटतं. मोठ्या नाचाला तो पुरला असता का, हे वाजवून पाहिल्याशिवाय ठरणार नाही.

उघड्या मंचासाठी आता वेगळी यादी आहे. तिच्यातल्या पहिल्या चार चाली पाइपशिवायच्या. पाचवीच्या आधी पाइपर मागच्या गाडीत, खिडक्या बंद करून वाद्य गरम करते, आणि ‘बी फ्लॅट’ची व्हिसल कमरेला असते. पाइप दहा सेंटांहून जास्त उतरलेला निघाला तर ती अकॉर्डियनवाल्याकडे बघून मान हलवते, आणि त्या दिवशी पाइप गाडीतच राहतो.